दसऱ्याची तारीख

कुंडलिकला राग आला की त्याच्या तोंडची शहरी भाषा गळून पडायची आणि आतलं त्याचं गाव, करकंब, बाहेर यायचं. साखर कारखान्याच्या सोलापुरातल्या ऑफिसात ते त्या दुपारी बाहेर आलंच.

कारण ऊसतोडीची यादी. कुणाचा ऊस कधी तोडायचा, हे यंदा संगणक लावून देणार होता. चारच्या बैठकीत यादी गेली नाही, तर तोड नेहमीसारखी चेअरमनच्या तोंडी हुकमावर. मागच्या साली त्याच हुकमापायी कुंडलिकच्या चुलतीचा, सोजरबाईचा ऊस तुरे येऊन वाळेस्तोवर रानात उभा राहिला होता.

प्रोग्रॅम मुंबईहून आलेला. तिथल्या यंत्रावर युनिक्स ही प्रणाली, इथंही युनिक्सच. पण सख्ख्या भावांच्याही चुली वेगळ्या असतात. तिथं सभासदाचा केवढाही नंबर मावायचा. इथं पावणेतेहतीस हजारांच्या जरा पुढं गेला की उणे व्हायचा आणि सभासद यादीतून गळायचा. सोजरबाईचा नंबर तेहतीस हजारांतला.

कुंडलिकनं पहिल्याच दिवशी दुरुस्ती केली आणि यंत्राला प्रोग्रॅम नव्यानं बांधायला सांगितला. यंत्राचं उत्तर एकच: सगळं ताजं आहे, करण्यासारखं काही नाही. यादी छापली की सोजरबाई गायब. तीन दिवस हेच चाललं होतं.

"आंधळं हाय का हे? बदललेलं दिसंना व्हय?" तो टर्मिनलवर खेकसला.

विभागप्रमुख मानसिंगराव दारात उभे होते. "मुंबईला तार करतो. तुमच्यानं होत नाही म्हणून कळवतो."

कुंडलिकनं राग गिळला आणि फायलींच्या तारखा काढल्या. दुरुस्ती परवाची. प्रोग्रॅमच्या आधी बांधलेल्या भागांवर मात्र तारीख दसऱ्याची, आणि दसऱ्याला अजून पंधरवडा होता.

"साहेब, हे दसऱ्याला कुणी बांधलं?"

"तुम्ही वडिलांच्या श्राद्धाला गावी गेलात तेव्हा इंजिनिअर आला," मानसिंगराव कौतुकानं म्हणाले. "पितृपक्षात नवं यंत्र चालू करू देणार नाही म्हटलं. त्याला गाडी गाठायची होती. मग यंत्रात तारीख दसऱ्याची घातली, प्रोग्रॅम बांधून काम उरकलं आणि दुसऱ्या दिवशी तारीख परत जागेवर आणली."

कुंडलिकच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बांधलेला भाग दुरुस्तीपेक्षा नवा दिसला की यंत्र त्याला हातच लावत नाही. साहेबांच्या मुहूर्तापुढं त्याची दुरुस्ती शिळी ठरत होती. त्यानं ते जुने भाग पुसले आणि सगळं पुन्हा बांधलं. साडेतीनला प्रिंटर खडखडू लागला. एक्केचाळिसावं नाव सोजरबाईचं होतं.

यादी हातात घेऊन मानसिंगराव घुटमळले. "वर तारीख मात्र दसऱ्याची टाका. पितृपक्षातली यादी बैठकीत कशी न्यायची?"

कुंडलिकनं यादी त्यांच्या हातातून काढून घेतली.

"त्याच तारखेनं माझ्या चुलतीला तीन दिस यादीभाईर ठिवलं, साहेब," तो म्हणाला. "आमचं पितरबी ऊसच लावत हुतं. त्यास्नी न्हाय राग यायचा."

आणि आजच्या तारखेची यादी घेऊन तो स्वतःच बैठकीत गेला.