हिरवा पडदा आणि काळा करदोटा

“आधी पडदा, मग पाणी. रोगी उघडा पडायच्या आत पडदा लागलाच पाहिजे!”

मोठ्या सिस्टरनी नव्या आलेल्या नर्सला, आम्रपालीला, हे बजावलं, तेव्हा मी शेजारीच उभा होतो. मीही ते मनावर घेतलं.

मित्रांनो, मी महाडच्या एका दवाखान्यातला जुना हिरवा पडदा आहे. लोखंडी चौकटीवर ताणलेला, तीन चाकांवर लंगडणारा. चौथं चाक पुरात गेलं. रोग्याच्या उघड्या अंगाची मला कधी शिसारी आली नाही. शिसारी येते ती बघ्यांची. हातात केळी, तोंडात “कसं वाटतंय?” आणि डोळा माझ्या फटीला. देवालासुद्धा नैवेद्य दाखवताना पडदा ओढतात. या मेल्यांना तेवढंही कळत नाही.

परवा पोलादपूरच्या डोंगरातले कोंडाजीबाबा आले. खुब्याचं हाड मोडलेलं. ऑपरेशनसाठी धोतर सोडलं, पण कमरेच्या करदोट्याला हात लावू देईनात.

“मेल्यावर तोडतात गो तो! करदोटा हाय तवर मी नागवा नाय.”

“ऑपरेशन झालं नाही तर जन्माचे खाटेवर पडाल, बाबा,” आम्रपाली म्हणाली.

“पडन.”

तेवढ्यात मुंबईहून आलेला त्यांचा पुतण्या सुहास खिदळत आला आणि त्याने मोबाइल माझ्यावरून आत धरला. “काका, स्माइल!”

आम्रपालीने मला असं सर्रकन ओढलं, की माझी चौकट त्याच्या नडगीवर बसली.

“अगंबाई, लागलं? या ना आत, पँट काढा, बघते.”

सुहासचं हसू पळालं, पाठोपाठ तोही. बाबा मात्र पहिल्यांदाच हसले.

मग ती हळूच म्हणाली, “बाबा, मला नुसतं दुखणं दिसतं, दुसरं काही नाही. कापू द्या. दिवेलागणीच्या आत नवा बांधते, माझ्या हाताने.”

“इसरशील गो.”

“नाही विसरणार.”

कात्री एकदाच वाजली.

दुपारी बाबांना परत आणलं. ऑपरेशन नीट झालं होतं. पण गुंगीतही त्यांचा हात कमरेशी चाचपडत होता.

मित्रांनो, मला ठिगळ लावा, चाकांना तेल घाला. आणि मी ओढलेला दिसलो, की मान फिरवा. एवढीही लाज नसेल, तर अंगभर कपड्यांतही नागवे तुम्हीच.

आम्रपालीची ड्यूटी संपली. तिने मला बाबांच्या खाटेभोवती नीट लावलं, चपला सरकवल्या आणि कुणाला न सांगता काळ्या दोऱ्यासाठी बाजारपेठेची वाट धरली.