वळणावरची ट्रॉली

पलूसच्या पुढच्या वळणावर मागच्या ट्रॉलीचा टायर फुटला, तेव्हा दिवस मावळत आला होता. बिरदेव ट्रॅक्टरवरून उतरला. उसानं भरलेली ट्रॉली एका अंगाला कलून अर्धा रस्ता अडवून बसली होती.

त्याची बायको राणी मडगार्डवर बसली होती. आटपाडीकडची मेंढरं दिराच्या हवाली करून दोघं हंगामापुरती ऊस वाहायला इकडं आली होती.

"टायरवाल्याला घिऊन येतो," बिरदेव म्हणाला. "तू हितंच थांब."

"आवं, मागं लाल दिवा न्हाई. रिफ्लेक्टरबी उसाखाली गेलाय. अंधार पडल्यावर ही दिसंल का कुणाला?"

"आलोच की लगीच." पलूसकडं निघालेल्या एका मोटारसायकलवर मागं बसून तो गेला.

राणीचा भाऊ धुळा गेल्या हंगामात अशाच उभ्या ट्रॉलीवर मागून आदळला होता. डोक्यावर हेल्मेट नव्हतं. सांगलीच्या दवाखान्यातून तो जिवंत परतला, पण आता पोटच्या मुलीला आईच्या नावानं हाक मारतो, मेंढरांमागं गेला तर घरची वाट विसरतो. नशीब म्हणून वाचला, असं लोक म्हणायचे. राणीला ते ऐकवत नसे.

तिनं कडेचा एक दगड उचलला. बंद गाडीमागं सगळे दगडच लावतात. मग तिनं तो परत टाकला. अंधारात दगडावर चाक चढलं, तर तोच माणसाला मारायचा. तिनं जनावरांसाठी बांधलेल्या हिरव्या वाढ्याच्या, म्हणजे उसाच्या शेंड्यांच्या, पेंढ्या ट्रॉलीवरून ओढल्या आणि मागं लांबपर्यंत रस्त्यावर टाकत नेल्या. वळणाच्या अलीकडं जाऊन मोबाईलची बॅटरी लावून ती उभी राहिली.

पहिला मोटारसायकलवाला जोरात आला. राणीनं दोन्ही हात हलवले. आडरानात एकटी बाई हात करतेय, म्हणजे काही भानगड असणार, असं त्याला वाटलं असावं. थांबायचं सोडून त्यानं गाडी आणखी पिळली. मागं ब्रेक किंचाळला. राणीला मान वळवायचा धीर होईना. मग गाडीचा आवाज पुढं पुढं जात विरला, तेव्हा कुठं तिनं श्वास सोडला.

आता काळोख दाटला. मोबाईलचा उजेड मंद होत चालला. बिरदेवचा पत्ता नव्हता. पुढच्यानं असंच केलं तर? आणि तो आपल्याच अंगावर आला तर?

तेवढ्यात दुधाचा टेम्पो आला. या वेळी ती हात हलवतच ओरडली, "म्होरं ट्रॉली हाय, दिसत न्हाई."

टेम्पो करकचून थांबला. चालवणारा जयराज आष्ट्याचा. तो चिडून उतरला. "मधी काय हुबी ऱ्हातीस? मरायचंय का?"

"मला न्हाई मरायचं. तुमी बघून तर या."

तो वळणापर्यंत गेला आणि परत आला तेव्हा त्याचा आवाज उतरला होता. "टेम्पोच्या उजेडातबी शेवटपतूर दिसली न्हाई बघ." त्यानं टेम्पो पेंढ्यांच्या मागं नेऊन कडेला लावला, दोन्ही बाजूंचे दिवे लुकलुकत ठेवले. "तू खाली शेतात उतरून थांब. तुझा माणूस येईस्तवर मी हाय."

"दूध नासंल की तुमचं."

"नासू दे."

मागून येणाऱ्या गाड्या आता लांबूनच हळू होऊ लागल्या. तरी प्रत्येक उजेड जवळ आला की राणी शेतातून उठून बघायची.

बिरदेव टायरवाल्याला घेऊन आला. चाक बसलं, पेंढ्या उचलल्या. तो ट्रॅक्टरवर चढला, पण राणी जागची हलली नाही.

"लाल दिवा लागल्याबिगर मी बसणार न्हाई. आन तुमालाबी जाऊ देणार न्हाई."

"आत्ता कुठनं आणू दिवा?"

"बाई खरं बोलती गड्या," जयराज म्हणाला. "आज कारखान्यापतूर मी मागनं येतो. उद्याचं तू बघ."

दुसऱ्या दिवशी बिरदेवनं ऊस कमी भरला. मागं लाल दिवा बसवला, नवे रिफ्लेक्टर उसाच्या खाली झाकणार नाहीत असे लावले. सांजेला पुढं त्याच कारखान्याला ऊस वाहणाऱ्या आप्पासोची ट्रॉली लागली. तिच्या मागं साधी लाल चिंधीसुद्धा नव्हती. बिरदेवनं ओव्हरटेक करायला हॉर्न दिला.

राणीनं त्याच्या दंडाला हात लावला. "म्होरं नका जाऊ. त्याच्या मागंच ऱ्हावा. आपला दिवा तरी दिसंल मागच्यास्नी."

बिरदेवनं वेग कमी केला. राणी मान वळवून मागचा रस्ता बघत राहिली.