कनकव्वाचा खोकला

चिंतलपेटच्या तळ्याकाठी नीलकंठसामीचा मांडव पडला आणि गावातल्या निम्म्या चुली उशिरा पेटू लागल्या. सकाळपासून बायकांची रांग लागायची, हातात नारळ, आणि रांगेत जी ती खोकत असायची. वाटेने जाणाऱ्याला वाटावं, सामी खोकल्याचीच दीक्षा देतो आहे.

चमत्कार मात्र खरा होता. मला गाव 'नास्तिक ओदेलू' म्हणतं, म्हणून हे आधीच सांगून टाकतो. उभा जन्म मी सरकारी बसमध्ये कंडक्टर होतो, बिनतिकिटाचा माणूस तोंडावरून ओळखतो. सामीलाही पहिल्या दिवशीच ओळखलं. पण बायकांचा खोकला खरोखर जात होता, त्याला मी काय करणार?

सामीची रीत साधी होती. समोर पितळी परात. आलेल्याने आपल्या औषधाची पट्टी तीत ठेवायची. सामी ती उचलून उजेडाकडे धरायचा आणि डोळे मिटायचा. मग कुणाला म्हणायचा, "तुझा काळ अजून पिकला नाही, जा," आणि कुणाला म्हणायचा, "ये आई, तुझा काळ पिकला." जिचा काळ पिकला तिच्या गळ्यात काळा दोरा, त्यात निळा मणी आणि एका मंडळाची कंठदीक्षा. म्हणजे महिना-सव्वा महिना अनवाणी चालायचं, एकवेळ जेवायचं आणि इंग्रजी औषध ओठाला लावायचं नाही.

"शिवाने विष गळ्यात अडवलं," सामी डोळे फिरवून सांगायचा. "तुम्ही ते रोज सकाळी पाण्याबरोबर खाली ढकलता. मग गळा बोंबलणार नाही तर काय अंगाई गाणार?"

माझी वदिना कनकव्वा, म्हणजे थोरल्या भावाची बायको, त्या रांगेत होती. बतुकम्माचा सण तोंडावर आला होता. फुलांची उतरंड मांडून गावच्या बायका तिच्याभोवती फेर धरतात, आणि आमच्या गावात गाणं उचलायचं ते कनकव्वानेच. बाकीच्या मागून नुसतं 'उय्यालो' म्हणतात. त्या उन्हाळ्यात सरकारी दवाखान्यात तिचा रक्तदाब वाढलेला निघाला, गोळी सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत कोरडा खोकला लागला. ओळ उचलली की ठसका. सण असा गेला तर जगून करू काय, असं ती माझ्या भावाला म्हणाली होती.

"वदिना, डॉक्टरम्माला सांग ना," मी म्हणालो.

"दाबाच्या डॉक्टरणीला खोकल्याचं काय सांगू? तिथं तोंड उघडेस्तोवर पुढच्याचं नाव पुकारतात."

"आणि सामी ऐकून घेतो?"

"घेतो. पहिलं तेच विचारतो, 'आई, खोकला कधीपासून?' तू विचारलंस कधी? तुझं आपलं एकच, 'हळू खोक, बातम्या ऐकू दे.'"

तिने मणी घातला, गोळ्या परातीत टाकल्या, आणि खोकला गेला. सणात तिने असा आवाज लावला की तळ्यापलीकडच्या वाडीतली माणसं ऐकायला आली. सामीचं नाव चार गावांत पसरलं.

एकट्या राजव्वाचा खोकला हटला नाही. मणी तिच्याही गळ्यात होता, अनवाणी तीही चालत होती. सामीने भर मांडवात सांगितलं, "हिच्या पोटात पाप आहे." त्यानंतर बायकांनी तिला फेरात घेतलं नाही. सणाच्या सगळ्या संध्याकाळी ती म्हातारी घरात बसून खोकत राहिली.

दिवाळी झाली आणि एका सकाळी भाकरी थापता थापता वदिना परातीवरच कलंडली. उजवा हात लुळा, तोंड वाकडं, वाचा बंद. जिल्ह्याच्या दवाखान्यात जीव वाचला. वाचा परत आली नाही.

मी डॉक्टरम्माकडे गेलो तो भांडायलाच. स्वरूपा तिचं नाव, वयाने माझ्या मुलीएवढी. "गोळी चालू होती ना?" तिने विचारलं.

"बंद केली होती. सामीने खोकला घालवला, त्याचा नेम होता."

"कसला खोकला?" तिचा हात थांबला. "कोरडा? गोळी सुरू केल्यावर लागलेला?"

मी हो म्हणालो.

"ओदेलूगारू, ही गोळी चांगली आहे, पण काहींना तिने कोरडा खोकला लागतो. गोळी थांबली की तो जातो. मणी घाला नाहीतर गळ्यात घंटा बांधा. मला कळलं असतं तर त्याच दिवशी दुसरी गोळी लिहून दिली असती. दाबही राहिला असता आणि गळाही." मग म्हणाली, "तिने सांगितलं नाही हे खरं. मी विचारलंही नाही."

म्हणजे बदमाशाचं निदान बरोबर होतं. तेव्हा मला ती परात आठवली आणि उजेडाकडे धरलेली पट्टी. डोळे मिटण्याआधी तो वाचत होता.

दुसऱ्या दिवशी मी रांगेत उभा राहिलो. डॉक्टरम्मा मागे गर्दीत होती. माझा खोकला विडीचा, पिढीजात म्हणावा इतका जुना. परातीत पित्ताच्या गोळ्यांची पट्टी ठेवली. सामीने पाहिली, डोळे मिटले. "तुझा काळ पिकला नाही. जा."

"चुकलो सामी," मी म्हणालो, "ही बायकोची. माझी ही." आणि वदिनाची घरी उरलेली दुसरी पट्टी पुढे केली.

त्याने ती उजेडाकडे धरली. चेहरा उजळला. "ये बाळा. तुझा काळ पिकला."

कुणीतरी फिसकन हसलं. डॉक्टरम्मा पुढे आली. "सामी, एवढ्यात कसा पिकला? आंबासुद्धा दोन दिवस आढीत ठेवावा लागतो." मग तिने गर्दीला गोळीची सगळी गोष्ट सांगितली. ज्यांच्याकडे ही पट्टी त्यांनाच सामी निवडतो, क्षयाच्या नि विडीच्या खोकल्याला हात लावत नाही, हेही सांगितलं.

"मग राजव्वाचा खोकला का नाही गेला?" सामी गरजला. "पाप आहे म्हणूनच ना?"

राजव्वाची सून सुजाता मागे उभी होती. ती पुढे आली. "पाप सासूबाईंचं नाही. मी रोज त्यांच्या आंबिलीत दाबाची गोळी विरघळवत होते. न सांगता."

डॉक्टरम्माने सुजाताला लपवून औषध देण्याबद्दल झापलं आणि राजव्वाला तिथंच समजावून दुसरी गोळी लिहून दिली. महिन्याभरात म्हातारीचा खोकला गेला, मण्याशिवाय. आम्ही तक्रार दिली, पण पोलीस येईपर्यंत सामी पसार झाला होता. तो पूर्वी औषधाच्या दुकानात गल्ल्यामागे उभा असायचा, हे पुढे कळलं. गोळी सोडली की खोकला जातो हे त्याला ठाऊक होतं, तर दाब चढतो हेही ठाऊक असणारच. या माणसाला मी माफ करणार नाही.

पुढच्या बतुकम्माला भावाने वदिनाला फेराजवळ खुर्चीवर बसवलं. गाणं राजव्वाने उचललं. आणि वर्षभर एक शब्द न बोललेली कनकव्वा मध्येच गाऊ लागली. अख्खी ओळ, स्पष्ट, उय्यालोसकट.

बायका थबकल्या. एकीने हात जोडले. "मण्याची पुण्याई गं. सामी खरा होता." लगेच दुसरीचे हात जुळले.

माझं डोकं फिरलं. वाचा गेलेली माणसं कधीकधी गाऊ शकतात, मेंदूत बोलण्याची जागा वेगळी आणि गाण्याची बरीचशी वेगळी, हे डॉक्टरम्माने मला आधीच सांगून ठेवलं होतं. मी ते सगळ्यांना ओरडून सांगितलं.

"कृपा आहे ना?" मी म्हणालो. "मग तिला 'पाणी' म्हणायला सांगा. एवढंच. वर्षभर ती तहान लागली की बोट दाखवते."

कुणी वर पाहिलं नाही. मी म्हणालो, "बायांनो, दाब दुखत नाही, खोकत नाही, हाक मारत नाही. बरं वाटतंय म्हणून तो गेला असं समजू नका. गोळीने त्रास झाला तर दवाखान्यात जाऊन सांगा, पुढच्याचं नाव पुकारलं तरी उठू नका. गोळी बदलून मिळते. वाचा बदलून मिळत नाही."