एका सुताची काटकसर

मित्रांनो, ओरेस्ट होलोवाटीला आमच्याकडून तीन गोष्टी मिळायच्या होत्या. त्याच्या बांधकाम-सामानाच्या दुकानामागच्या शेडमध्ये दोन हिवाळे पडून राहिलेला माल एकदाचा हलणार होता. तो माल कर्लिंग क्लबाला दान दिला म्हणून करात सूट मिळणार होती. आणि क्लबाच्या वरच्या मजल्यावरच्या नव्या दालनाला त्याचे नाव मिळणार होते, दारावर पितळेच्या पाटीसकट. पहिल्या दोन गोष्टी त्याने बायकोला सांगितल्या. तिसरी कोणालाच सांगितली नाही. पण पाटी किती इंचांची बसेल, ते ऑक्टोबरातच मोजून ठेवले होते.

त्या मालातला मी एक. मी जिप्समचा बोर्ड, आता जुना झालेला. चार फूट रुंद, आठ फूट लांब, जाडी अर्धा इंच, म्हणजे चार सूत. जमिनीतून खणून काढलेला मऊ पांढरा दगड भाजतात, त्याची पूड करतात, पाण्यात कालवून तो लगदा दोन कागदांच्या मध्ये ओततात आणि वाळवतात. कागदही कोरा नसतो, रद्दीचा असतो. माझ्या पोटात दगड आहे आणि पाठीवर लोकांच्या जुन्या बातम्या. तेव्हा गावगप्पा माझ्या अंगातच आहेत म्हणा ना.

आमचे गाव टर्नहिल, कॅनडातल्या मॅनिटोबाच्या सपाट मुलखातले. सहाशे माणसे आणि एक कर्लिंग क्लब. कर्लिंग म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवत नेमक्या जागी न्यायचा खेळ. खाली बर्फाच्या चार पट्ट्या, वर काचेआड बसून खेळ बघत कॉफी प्यायचे दालन. टर्नहिलमध्ये गावाचे काम गावच करते आणि फुकट करते. दुपारी मोठ्या पातेल्यातली राजमा-खिम्याची चिली आणि संध्याकाळी बिअर, एवढाच मोबदला. त्याशिवाय आणखी एक मिळतो, पण तो कोणी तोंडाने बोलून दाखवत नाही: फुकट राबणाऱ्याला कधी नावे ठेवायची नाहीत.

पैसे घेणारी त्यात एकच होती, व्हर्ना पास्टुक. दोन बोर्डांच्या जोडावर कागदी पट्टी बसवायची, तिच्यावर पुट्टी फिरवायची, घासायची, आणि जोड होता की नव्हता असे करून टाकायचे, हा तिचा धंदा. अठ्ठावन्न वर्षांची बाई, गुडघे कुरकुरणारे. ज्येष्ठांच्या निवासाला नवी इमारत जोडायची होती. ते काम मिळाले तर वर्षभर पुरणार होते आणि त्यानंतर व्हर्ना हातातली पुट्टीची पाती कायमची खाली ठेवणार होती. ते काम कोणाला द्यायचे हे ठरवणाऱ्या मंडळात ओरेस्ट होता.

जानेवारीत, उणे तीसच्या थंडीत, आम्हाला शेडमधून उचलून वर दालनात आणले. व्हर्नाने माझ्या कडेवर बोट फिरवले आणि वर छताच्या लाकडांकडे पाहिले.

"ओरेस्ट, हे भिंतीचे बोर्ड आहेत."

"बोर्ड तो बोर्ड. त्याला काय कळतंय, आपण उभे आहोत का आडवे?"

"कळतं. तुझी लाकडं दोन-दोन फुटांवर आहेत. मधल्या जागेत हे लोंबणार. पाच सुती आण."

"एका सुतासाठी? घरचा माल टाकून विकतचा आणू?"

"नको आणूस. मग खालून सोळा-सोळा इंचांवर लाकडी पट्ट्या ठोक. बोर्ड लाकडांना आडवे लाव. आणि आज हात लावू नकोस. गारठलेत ते, दोन दिवस उबेत पडू देत."

"पट्ट्यांना दोन दिवस, लोळायला दोन दिवस! स्पर्धा तीन आठवड्यांवर आलीय, व्हर्ना. तुझ्या बोर्डांना कॉफी-डोनट पण देऊ का?"

सगळे हसले. सगळ्यात मोठ्याने हसला लायल. तो क्लबाचा बर्फ राखायचा आणि फुकट कामाला नेहमी पहिला.

"आणि तो गॅसचा हीटर," व्हर्ना हसू संपायची वाट बघून म्हणाली, "त्याच्या जाळातून पाणी निघतं हवेत. एक खिडकी तरी उघडी ठेवा."

"उणे तीसमध्ये खिडकी उघडा म्हणते! लायल, हिला आधी चिली दे रे, हिचं डोकं गारठलंय."

मला कोटांच्या खोलीसाठी वेगळा काढून तिथल्या भिंतीला टेकवले होते. दालनाच्या दाराशीच ती लहानशी खोली. लोक तिथे कोट टांगतात आणि कोट घालता घालता मनातले बोलतात. ओरेस्ट व्हर्नाला तिथे घेऊन आला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघ, निवासाची बैठक एप्रिलात आहे. मी तुझं नाव सुचवणार. तू आपली जोड भर, बाकीचं सोड ना. किती घेणार?"

"घेते तेवढेच."

"सगळे फुकट करतायत गं."

"तुझ्या दुकानात मला आजवर एक खिळा फुकट मिळालाय का?"

तो हसला, हात पुढे केला. तिने क्षणभर त्या हाताकडे पाहिले आणि आपला दिला. मित्रांनो, मी व्हर्नाची बाजू घेणार आहे, म्हणून हेही सांगून ठेवतो. तिला सगळे ठाऊक होते आणि ती गप्प राहिली. निवासाच्या वर्षभराच्या कामापुढे आमचे छत तिला लहान वाटले.

एका शनिवारात बेचाळीस बोर्ड वर गेले. लाकडांच्या लांबीला धरून लावले, कारण तसे उचलायला सोपे जात होते. एकाच्या टोकाला दुसऱ्याचे टोक असे सरळ लावत गेल्याने चार-चार कोपरे एका ठिकाणी आले, आणि चीर पडते ती अशाच जागी. स्क्रू हातभर अंतरावर. लायल ड्रिल असा दाबायचा की स्क्रूचे डोके कागद फाडून आत जायचे. मित्रांनो, आमची ताकद त्या कागदात असते. डोक्याने कागदाला नुसती खळी पाडली तर स्क्रू धरतो. फाडून आत गेला तर भुकटीत नुसता रुतून बसतो. लाकडांखाली आधी प्लास्टिकचा पडदा ताणायचा होता, म्हणजे खालची वाफ वर माळ्यात जात नाही. त्याचे रीळ लायलच्या ट्रकमध्ये होते आणि ट्रक त्याच्या भावाने नेला होता. मग पडद्यावाचूनच चालवून घेतले.

"कोटांची खोली तू उरक व्हर्ना, एकच तर बोर्ड आहे," असे म्हणून मंडळी चिलीकडे गेली.

ती उरकली नाही. मला तिने सोमवारपर्यंत तसाच उबेत ठेवला. लाकडांच्या खाली उरल्यासुरल्या पट्ट्या ठोकल्या, सोळा-सोळा इंचांवर. स्वतःच्या गाडीतला प्लास्टिकचा तुकडा ताणून बसवला. मग टी-आकाराच्या टेकूने मला एकटीने वर ढकलले, आडवा, आणि वीतभर अंतरावर एकेक स्क्रू असा बसवला की माझ्या कागदाला खळी पडली, जखम नाही. शेवटी तळव्याने थोपटून म्हणाली, "बस आता निवांत." त्या कामाचे तिने पैसे लावले नाहीत; मग दालनातले सगळे जोड भरले, त्याचेच तेवढे घेतले.

फेब्रुवारीत स्पर्धा झाली. बत्तीस संघ आले, पाटीचे अनावरण झाले, ओरेस्टने भाषण केले. "घरचं काम आहे म्हणून सांगावं लागतं!" असे पाहुणे माझ्याखाली कोट काढता काढता म्हणाले. जोड शोधून सापडत नव्हते. स्तुती सगळी ओरेस्टच्या खात्यावर गेली आणि व्हर्ना कोपऱ्यात बसून बटर टार्ट खात राहिली.

पण स्वयंपाकघरात तीन दिवस पेरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या करंज्या, उकळत होत्या, माणसे कोंबून भरली होती, खिडक्या बंद. ती वाफ बोर्डांच्या फटींतून वर गेली आणि छपराला आतून बर्फ होऊन चिकटली. वरून ओरेस्टने ऊब टिकावी म्हणून भुशाचे दोन ट्रक आमच्या पाठीवर ओतवले होते. तिसऱ्या दिवशी माझे भाऊ दोन लाकडांमध्ये पोट काढून लोंबायला लागले. लोकांना गंमत वाटली. "ओरेस्ट, झोळ्या बांधल्यास का रे? पोरं निजवायची सोय केलीस होय!"

मार्चमध्ये ऊन पडले आणि छपराचा तो बर्फ आतल्या आत वितळू लागला. एक तपकिरी डाग पडला, मग एक लांब चीर. ओरेस्टने व्हर्नाला बोलावून घेतले.

"तुझा जोड तडकलाय."

"जोड नाही तडकला. बोर्ड उतरतोय. ओला झालाय तो, सगळं काढायला लागेल."

"शनिवारी हंगामाच्या समारोपाचं जेवण आहे. एक हात फिरव आणि झाकून टाक. एप्रिल जवळ आलाय, व्हर्ना."

ती शिडीवर चढली. लायलने खाली शिडी धरली होती. तिने चिरेला तळवा लावला आणि लगेच ओरडली, "लायल, हो बाजूला! पळ!" लायल बाजूला झाला. चार बोर्ड आणि त्यांच्यावरचा भिजलेला भुसा एकदम खाली आला. व्हर्नाला शिडीवरून उतरायला वेळ मिळाला नाही. तिचा उजवा खांदा तीन ठिकाणी मोडला.

पुढच्या आठवड्यात क्लबाची बैठक झाली. दालन बंद होते, म्हणून ती खाली खुर्च्या मांडून झाली; कोट मात्र सवयीने वरच टांगले होते. आणि खरी बैठक नेहमीप्रमाणे कोट घालताना माझ्याखाली झाली.

"स्क्रू तर लायलने मारले होते."

"मग त्याला बोलणार? फुकट राबला बिचारा. उद्यापासून बर्फ कोण राखेल?"

"आणि बोर्ड ओरेस्टचे."

"दान दिलेत त्याने. आता दानाची पण चौकशी लावायची का?"

कोणीतरी कोटाची चेन वर ओढली.

"पैसे कोणी घेतले होते?"

"व्हर्नाने."

"झालं तर मग."

लायल तिथेच होता. त्याने टोपी कानांवर ओढली, हातमोजे चढवले आणि सगळ्यांच्या आधी बाहेर पडला. विम्याच्या कागदावर लिहिले गेले: जोडकामातील दोष.

एप्रिलच्या शेवटी व्हर्ना तिचे खेळाचे बूट न्यायला आली. हात गळ्यात बांधलेला. ओरेस्ट कोट काढत होता. त्याला पळायला जागा नव्हती.

"व्हर्ना, मी तुझं नाव सुचवलं होतं गं. पण मंडळी म्हणाली—"

"सुचवलं होतंस?"

"म्हणजे, सुचवणारच होतो."

"वर बघ, ओरेस्ट."

"काय आहे?"

"हा बोर्ड. तुझ्याच शेडमधला, त्याच गठ्ठ्यातला, तेवढाच जाड. तीच स्पर्धा, तीच वाफ, वर तोच भुसा. एक रेघ दाखव मला त्याच्यावर."

मित्रांनो, माझ्या आयुष्यात तेवढ्या एका क्षणी मला बोलता यायला हवे होते. ओरेस्टने वर पाहिले नाही. त्याची चेन अडकली होती, तो तिच्याशी झटत राहिला. "छोटी खोली आहे ही," तो म्हणाला, "छोट्या खोलीला काय होतंय?"

व्हर्नाने डाव्या हाताने बूट उचलले. दार उघडताना ते तिला एकदा खाली ठेवावे लागले. ओरेस्टने दार धरले नाही.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, घरे बांधाल. छत करताना बोर्ड छताचा आहे ना ते बघा, लाकडे जवळ घ्या, आम्हाला आधी ऊब घेऊ द्या, कागद फाडू नका, वाफेला वर जायला वाट ठेवू नका. एवढे केलेत तर आम्ही तुमच्या नातवंडांच्या डोक्यावरही राहू. आणि हे सगळे सांगणारे माणूस तुमच्याकडून पैसे घेत असेल, तर त्याचे बोलणेही त्या पैशांतच आले असे धरा, आणि ऐका.

आता हिशेब. नवे छत विम्यातून झाले. शहरातून माणूस आला. त्याने पाच सुती बोर्ड मागवले, दोन दिवस उबेत ठेवले, आडवे लावले, खाली प्लास्टिक ताणले. ओरेस्टने त्याला स्वतः कॉफी नेऊन दिली आणि 'याला म्हणतात कारागीर' असे चारचौघांत सांगितले. ओरेस्टचे काही गेले नाही. लायलचेही नाही; आता तो माझ्याखाली कोट टांगत नाही, खालीच ठेवतो, एवढेच. निवासाचे काम त्या शहरातल्या माणसाला मिळाले. व्हर्ना उन्हाळ्यात ब्रँडन शहरात मुलीकडे राहायला गेली. तिचा उजवा हात आता खांद्याच्या वर जात नाही, आणि छताचे सगळे काम खांद्याच्या वरच असते.