नळीतून आलेला खोकला

मित्रांनो, दोनशे लिटरचा एक जुना निळा ड्रम तुमच्याशी बोलतो आहे. अंगावर ओरखडे आहेत, बुडाशी एक तडा आहे आणि झाकण माझं नाही, दुसऱ्या कुठल्या तरी ड्रमचं आहे. पण आठवण शाबूत आहे.

माझा जन्म कारखान्यात झाला. वाळूजच्या एका कंपनीत मी रसायन भरून उभा असे. माझ्यावर कवटीचं चित्र होतं, त्यामुळे माझा मान फार होता. सगळे दोन हात लांबून जात. मग दुष्काळाचं साल आलं. शहर चारी बाजूंनी वाढत होतं आणि नळाचं पाणी आठ दिवसांवर गेलं होतं. लोक भंगारवाल्याकडे ड्रमसाठी रांगा लावू लागले. मला सात वेळा धुऊन विकलं गेलं. मला घेतलं सरूबाईंनी. छावणीच्या मागं उताराची एक गल्ली आहे, तिच्या वरच्या टोकाला त्यांचं घर.

सरूबाई मिशनच्या जुन्या दवाखान्यात आया होत्या. नवरा वारलेला, मुलगा शांतवन कंपनीत कामाला. गल्लीत चोरीच्या भीतीनं प्रत्येक ड्रमवर मालकाचं नाव असे. शांतवनकडे पांढरा रंग थोडाच उरला होता. पूर्ण नावाला पुरेना, म्हणून त्यानं कवटीच्या जागी क्रूस काढला. माझं धर्मांतर असं रंगाच्या तुटवड्यातून झालं.

मी ओट्यावर उभा असे. भिंतीपलीकडे, चार हात खाली, व्यंकटरावांचं अंगण. ते निवृत्त कारकून, मूळ गंगापूरचे. ते आणि उमाकाकू, दोघंच. मुलगा पुण्याला.

मग ते आजाराचं वर्ष आलं. शहराला तेव्हा आजचं नाव मिळालेलं नव्हतं, पाणी मात्र आठ दिवसांनीच मिळत होतं. चर्चला कुलूप होतं. रविवारची उपासना शांतवनच्या मोबाइलवर होई. एका रविवारी पाळकसाहेब शेजाऱ्याबद्दल बोलायला लागले आणि रेंज गेली. शेजाऱ्याचं करायचं काय, ते ऐकायचं राहून गेलं.

त्याच आठवड्यात व्यंकटरावांच्या फाटकासमोर पत्रे ठोकले गेले. दोघांनाही आजार होता. गल्लीत पाण्याची पाळी आली तेव्हा दोघं तापाच्या ग्लानीत होते. उठले तेव्हा नळ कोरडा. पुढचं पाणी आठ दिवसांनी. टँकरवाला पत्रे बघून कोपऱ्यावरूनच मागं फिरला. गल्लीतली सगळी दारं लागली. रोज अँब्युलन्सचा आवाज येई, आणि तो कोणत्या वळणावर थांबतो, हे सगळं घर श्वास रोखून ऐकत राही. मीसुद्धा.

तिसऱ्या दिवशी भिंतीपलीकडून व्यंकटरावांचा आवाज आला. आवाज कसला, सुकलेला कागद चुरगळल्यासारखं काही तरी.

"सरूबाई, हिच्या औषधापुरतं तरी पाणी मिळेल का?"

सरूबाई माझ्याजवळ आल्या. दोन्ही हातांत मोज्यांसारख्या चढवलेल्या दुधाच्या रिकाम्या पिशव्या, तोंडाला ओला पदर. माझ्या काठाला धरून त्यांनी प्रार्थना केली. मी ती अगदी जवळून ऐकली. "बापा, मला लई भ्या वाटतंय. भ्या नाय गेलं तरी चालंल. हाताची थरथर तेवढी थांबव, पाणी सांडतंय."

आता या शहरातल्या प्रत्येकाला येणारी एक विद्या सांगतो. उंच ड्रममध्ये नळी बुडवायची, दुसरं टोक खाली सोडायचं आणि तोंड लावून ओढायचं. पाणी आपोआप चालू होतं. सरूबाईंना हे तोंड लावणंच नको होतं. म्हणून त्यांनी नळी आधी माझ्यात बुडवून भरून घेतली, टोकावर अंगठा दाबला आणि ते भिंतीवरून सोडलं. पण पिशवीतला अंगठा घसरला. नळी रिकामी झाली. काही सांगायच्या आत व्यंकटरावांनी वर्षानुवर्षांच्या सवयीनं टोक तोंडात धरलं आणि ओढलं.

पाणी थेट घशात गेलं, आणि त्यांना ठसका लागला. खोकला नळीतून वर आला. माझ्या पोटात बुडबुडे फुटले, एकामागून एक.

मित्रांनो, मी पोटात विष वागवलेला ड्रम आहे. पण विषाला वास असतो, रंग असतो. याला काहीच नव्हतं. पाणी पुन्हा स्वच्छ दिसत होतं. त्याइतकं भयंकर मी काही पाहिलेलं नाही.

समोरच्या दारातून भागूबाईंनी ते बघितलं होतं. त्यांच्या घरी तीन नातवंडं. "सरूबाई, तुला देवाची सोय हाय, आमची लेकरं हायेत इथं," त्या म्हणाल्या. "फेक ते पाणी. ड्रम बी फेक."

शांतवनही म्हणाला, "आई, नळी काढ. ओतून दे सगळं."

सरूबाईंनी वाकून माझ्यात बघितलं. मग हळू म्हणाल्या, "ओतायचं कशाला? त्यांचाच खोकला हाय, त्यांना चालतंय की. जाऊ दे खाली."

"आणि आपण?"

"घरात दोन हंडे हायेत."

नळी चालू राहिली. पलीकडून व्यंकटराव दोनदा म्हणाले, बास झालं, तुम्हाला ठेवा. सरूबाईंनी सांगितलं, आमच्याकडं लई हाय. उपासना न चुकवणारी ती बाई अगदी सहज खोटं बोलली. तासाभरात मी बुडापर्यंत रिकामा झालो.

मला ब्लीचिंग पावडरनं घासून उन्हात पालथं घातलं. दुसऱ्या दिवशी सरूबाईंचा घसा धरला. त्यांनी शांतवनला गच्चीवर राहायला पाठवलं आणि स्वतः दाराआड बसून राहिल्या. ब्लीचिंगचा वास असेल, असं त्या पुटपुटत. मग कपाळाला हात लावून बघत. तिसऱ्या दिवशी हंडे संपले. पाण्याला अजून दोन दिवस होते.

सकाळी ओट्यावर काही घासत आल्याचा आवाज झाला. भागूबाई लांब उभ्या राहून, वाळत घातलेले कपडे काढायच्या काठीनं, एक भरलेली कळशी पुढं ढकलत होत्या. निम्मं पाणी वाटेत सांडलं.

"कळशी वापस नको देऊ," त्या म्हणाल्या. काठी मागं ओढत, "घसा कसा हाय?"

"बरा हाय," सरूबाई म्हणाल्या. हे दुसरं खोटं.

दुसऱ्या सकाळीही कळशी आली. काठी तेवढीच लांब होती.

सरूबाईंचा घसा आठवड्यात सुटला. कशानं धरला होता, ते कुणीच तपासलं नाही. उमाकाकूंना दवाखान्यात नेलं, त्या परतल्या नाहीत. व्यंकटराव आजही सांगतात की जायच्या आधी ती दोन दिवस पोटभर पाणी प्यायली, अंगही पुसून घेतलं. त्यांचा खोकला नळीतून माझ्यापर्यंत आला होता, हे त्यांना कुणी सांगितलेलं नाही. अख्खी गल्ली हे एक गुपित सांभाळून आहे. बाकी एकही गुपित इथं दोन तास टिकत नाही.

मित्रांनो, आता मला तडा गेला आहे, भंगारवाला दोनदा भाव विचारून गेला. माझी एवढीच विनवणी आहे. ड्रमला झाकण लावत जा. नळीला तोंड लावू नका. आणि शेजारी पाणी मागेल तेव्हा आपली भीती जायची वाट बघू नका. ती कधी जाईल, सांगता येत नाही. आणि पाणी आठ दिवसांनी येतं.