लीलाईला जायचा रस्ता

माचवलीच्या तिठ्यावर हरिश्चंद्र धनावड्याला रस्ता विचारून जो माणूस नीट मुक्कामाला पोचला, तो अजून जन्माला यायचाय, असं गाव म्हणायचं. आईबापांनी हौसेनं नाव ठेवलं हरिश्चंद्र, आणि ह्या बाबानं हयात घालवली थापा मारण्यात. गावाच्या तोंडी मग तो हऱ्याच झाला.

हऱ्याची वडापची जीप. भाट्याचा पूल ओलांडून रत्नागिरी आणि परत, अशा दिवसाला चार खेपा. मधल्या वेळात तिठ्यावर बाबल्याच्या पानटपरीशी बसून पर्यटकांची वाट बघणं, हा त्याचा खरा धंदा. तेव्हा लोक कागदी नकाशा घेऊन यायचे. बॉनेटवर पसरायचे, चार कोपरे चौघं धरायचे, तरी वाऱ्यानं फडफडायचा. हऱ्या अदबीनं पुढं व्हायचा आणि नकाशा उलटा फिरवून द्यायचा. "साहेब, तुम्ही उलटा धरलात." टपरीतून बाबल्या गंभीर चेहऱ्यानं मान डोलवायचा. साहेब ओशाळायचे. मग समुद्राचा रस्ता म्हणून त्यांना आपल्या मावशीच्या कोकम सरबताच्या दुकानाकडं पिटाळायचा. अर्ध्या तासानं माणसं परत यायची, पोटात सरबत आणि तोंडात शिव्या. हऱ्या पोट धरून हसायचा, आणि मग जीप काढून स्वतः त्यांना पार वाळूपर्यंत सोडून यायचा. चकवलेल्या माणसाला दिवस मावळायच्या आत वाटेला लावायचं, हा त्याचा नेम. त्यात त्यानं कधी खाडा केला नाही.

मग मोबाइल आले आणि गाड्या काचा वर करून तिठ्यावरून सरळ जायला लागल्या. आतून एक बाई सांगायची, दोनशे मीटरनंतर डावीकडे वळा. हऱ्यानं वर केलेला हात वरच राहायचा.

"त्या बाईनं माझ्या पोटावर पाय दिला रे बाबल्या."

"पोटावर कसला, मस्तीवर दिला. बरं झालं!" बाबल्या पानाला चुना लावत म्हणायचा.

ह्या हऱ्याचा जिवाभावाचा एकच माणूस. श्याम जोगळेकर, शाळेतले निवृत्त चित्रकलेचे मास्तर. खाडीच्या अलीकडं चढावर त्यांची हापूसची बाग, घर, आणि घराच्या दोन खोल्यांत पाहुण्यांची सोय. बायकोच्या नावावरून पाटी लावलेली, 'लीलाई'. आंब्याचे ट्रक यायला लागले की मास्तर दरवर्षी ड्रायव्हरांसाठी हातानं नकाशा काढायचे आणि त्याच्या झेरॉक्स तिठ्यावर ठेवायचे. त्यात किलोमीटर नसायचे. कठडा फुटलेली विहीर असायची, चिमाकाकूचा फणस असायचा, आणि एका वळणावर कुत्रं काढलेलं असायचं, कारण ते कुत्रं खरंच तिथं बसायचं. कुत्रं मेलं त्या वर्षी मास्तरांनी ते रबरानं खोडलं. "कागदाचं हे बरं असतं हऱ्या. चुकलं, खोडलं, झालं."

"मास्तर, जगात माणूस उपग्रह सोडतोय आणि तुम्ही कुत्री काढताय!"

दोघांचं खरं युद्ध शिमग्यात. माचवलीचा रिवाज असा, की होम लागल्यापासून पालखी फिरून परत सहाणेवर, देवळापुढच्या चौथऱ्यावर, बसेपर्यंत कुणाचंही काहीही पळवावं. फाटक, बैलगाडी, वाळत घातलेलं धोतर. मालकानं रागवायचं नाही. पण पालखी सहाणेवर बसली, की पळवलेलं ज्याचं त्याला, जिथल्या तिथं. ह्यात लबाडी करणाऱ्याला ग्रामदेवता बघून घेते म्हणत. एका साली हऱ्यानं मास्तरांची आरामखुर्ची फणसावर टांगली. पुढल्या साली मास्तरांनी, वय वर्षं साठ, हऱ्याच्या जीपची चारही चाकं काढून देवळापुढं मांडली.

यंदा हऱ्याच्या डोक्यात भलतंच आलं. तिठ्यावर त्याच्या पुतणीचं, आरोहीचं, ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान. होमाच्या दुसऱ्या दिवशी तो तिथं जाऊन बसला.

"आरू, मोबाइलच्या नकाशातलं घर हलवता येतं काय गो?"

"जागा चुकली असेल तर सुधारता येते. का?"

"मास्तरांची लीलाई चुकल्येय. ती खाडीपलीकडं स्मशानात पायजे."

आरोही आधी नको म्हणाली, मग हसायला लागली, मग हलवलं. कुणी म्हणेल नकाशावाले इतके भोळे नसतात. पण दोन दिवसांत लीलाई गेली स्मशानात. पुण्याचं एक कुटुंब तर बॅगा, आजी, तान्हं पोर घेऊन सरणाच्या शेडखाली उतरलं आणि आजीनं विचारलं, "इथं जेवण कुठं मिळतं?" शिवा होडीवाल्यानं हे पाहिलं आणि गावभर केलं. मास्तर हसून हसून ओटीवर लोळले.

"हऱ्या मेल्या, जिंकलास! आता पालखी बसेपर्यंत चैन कर. मग ठेव माझं घर जाग्यावर."

पालखी बसली. हऱ्या आरोहीकडं गेला. "ठेव गो परत."

आरोहीनं दुरुस्ती पाठवली. चार दिवसांनी उत्तर आलं, स्वीकारता येत नाही. पुन्हा पाठवली. पुन्हा नाही. मग तिनं शोधून काढलं. चकलेला जो तो स्मशानात उभा राही, त्याला मोबाइल विचारी, लीलाई इथंच आहे का? माणसं वैतागून, नाहीतर गंमत म्हणून, 'हो' दाबून मोकळी होत. तिथं जाऊन हो म्हणणारी तीस-चाळीस माणसं, आणि नाही म्हणणारी एकटी आरोही.

"काका, त्याला आता आपणच खोटारडे वाटतोय."

"मग भांड त्याच्याशी!"

"कुणाशी? तिथं माणूस आहे कुठं?"

हऱ्या तिचा मोबाइल हातात घेऊन उलटसुलट करून बघत राहिला. फणसावरची खुर्ची शिडी लावून उतरवता येत होती. ह्याला शिडी कुठं लावायची? मास्तर म्हणाले, "राहू दे रे, होईल." मास्तरांनी पाहुण्यांना फोनवर रस्ता सांगायला सुरुवात केली आणि विषय मागं पडला. हऱ्याच्या मनातून तो पडला नाही, पण आंब्याचा हंगाम आला, खेपा वाढल्या, आणि तो रोज उद्यावर ढकलत राहिला.

वैशाखातली दुपार. हऱ्या तिठ्यावर जीप लावून पाणी पीत होता. फोन वाजला. लीलावहिनी.

"हरिभाऊ, हे कलमाखाली पडले हो. झेल्यानं आंबे काढत होते. छाती दाबून धरल्येय, घाम नुसता..."

"जीप घेऊन आलो, वहिनी!"

"नको, नको. ॲम्ब्युलन्सला फोन केला. ते म्हणाले हलवू नका, ऑक्सिजन घेऊन येतोय. निघाल्येत. तुम्ही तिठ्यावर थांबा आणि त्यांना रस्ता दाखवा. एवढं करा."

हऱ्याच्या हातातली बाटली खाली पडली. लीलाई, माचवली. वहिनींनी हाच पत्ता सांगितला असणार. दुसरा कुठला सांगणार?

तो रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिला. उजवीकडं चढ, सात मिनिटांवर मास्तर. डावीकडं गावचा छोटा पूल, खाडीला वळसा, दहा मिनिटांवर स्मशान. डांबर पायाला भाजत होतं, चपला कधी सुटल्या ते कळलं नाही. सायरन ऐकू आला तसे त्यानं दोन्ही हात वर केले.

गाडी करकचून थांबली. ड्रायव्हर घाटावरचा, नवा. "ए, मरायचंय का? सरक!"

"उजवीकडं घ्या! चढ चढा, कठडा फुटलेली विहीर, तिथनं आत..."

"मोबाइल डावीकडं दाखवतोय."

"तो चुकलाय! मीच चुकवलाय त्याला! देवाशपथ सांगतो, उजवीकडं!"

टपरीतून बाबल्या हसत हसत बाहेर आला. ॲम्ब्युलन्स कुणासाठी, हे त्याला ठाऊक नव्हतं. पुलापलीकडं दुसरी वाडी होती, तिथं कुणी आजारी असेल असं त्याला वाटलं. "ओ ड्रायव्हरसाहेब, ह्याच्या नादी लागू नका! हा हऱ्या आहे! ह्यानं नवऱ्यामुलाच्या गाडीला पण फिरवलंय. मोबाइल बघून जा तुम्ही!"

"बाबल्या, मास्तर आहेत रे! मास्तर!" हऱ्या ओरडला.

"गेल्या साली पण असाच रडला होतास, मेल्या. चांगला पाऊण तास फिरवलास त्या नवऱ्याला!"

ड्रायव्हरनं एकदा हऱ्याच्या अनवाणी पायांकडं पाहिलं, एकदा मोबाइलकडं पाहिलं, आणि गिअर टाकला. हऱ्या खिडकीला लोंबकळला. आतल्या माणसानं त्याची बोटं सोडवली. गाडी डावीकडं गेली.

बाबल्याचं हसू तोंडावरच वाळलं. "खरंच मास्तर?"

हऱ्या जीपकडं धावला. मागं धावावं की वर जावं? तो वर गेला.

मास्तरांना गड्यानं ओटीवर आणून निजवलं होतं. ओठ निळे. वहिनी पदरानं वारा घालत होत्या. हऱ्याला बघून त्यांचा चेहरा उजळला. "आली ना? सायरन ऐकू येतोय मघापासून."

येत होता खरा. पाण्यावरून आवाज सरळ येतो. फक्त तो जवळ येत नव्हता. हऱ्यानं माडांमधून पाहिलं. खाडीपलीकडं सरणाच्या शेडसमोर पांढरी गाडी उभी होती. ड्रायव्हर खाली उतरून मोबाइल हातात धरून गोल गोल फिरत होता. हाक मारली तर ऐकू जाईल इतकीच लांब, पण रस्त्यानं यायचं तर पुन्हा तो सगळा वळसा. ओहोटी होती. शिवाची होडी मधल्या चिखलात आडवी पडलेली.

मास्तरांनी डोळे उघडले. त्यांनीही तिकडं पाहिलं. हऱ्याकडं वळून ते काहीतरी पुटपुटले, म्हणून त्यानं कान जवळ नेला.

"पालखी केव्हाच बसली रे, हऱ्या."

रागानं म्हणाले की चेष्टेनं, ते कळलं नाही. हऱ्यानं त्यांना उचललं, गड्यानं पाय धरले, मागच्या सीटवर वहिनींच्या मांडीवर डोकं. जीप त्यानं कधी चालवली नव्हती तशी चालवली. विहिरीपाशी वहिनींनी मागून हळूच म्हटलं, "हरिभाऊ, सावकाश घ्या आता." तेवढ्यावर त्याला कळलं.

तिठ्यावर ॲम्ब्युलन्स परत येऊन पोचली होती. आतल्या माणसानं मास्तरांच्या मानेला बोटं लावली, डोळ्यांत बॅटरी मारली आणि मान हलवली. ड्रायव्हर म्हणाला, "आम्ही नकाशाप्रमाणेच गेलो." बाबल्या चुन्याची काडी हातात धरून उभा होता.

दुसऱ्या दिवशी मास्तरांना खाडीपलीकडं नेलं. जळत्या सरणाशी उभं राहून आरोहीनं मोबाइल काढला आणि रडत परत आत टाकला. हऱ्यानं विचारलं, "काय विचारतंय?" ती म्हणाली, "काही नाही, काका." पण काय विचारलं असणार ते त्याला ठाऊक होतं.

पाचव्या दिवशी तो वहिनींसमोर जाऊन बसला. सगळं सांगितलं. वहिनींनी ऐकून घेतलं. "तुम्ही जीप आणू का विचारलंत. मीच नको म्हटलं," एवढंच त्या बोलल्या, आणि आत गेल्या. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर तो जगला असता.

तेव्हापासून हऱ्यानं वडाप बंद केली. मास्तरांच्या शेवटच्या नकाशाच्या झेरॉक्स घेऊन तो सकाळपासून तिठ्यावर उभा राहतो. आरोहीची सातवी दुरुस्तीही नाकारून आलीय.

तेराव्याला पाहुण्यांची एक गाडी थांबली. काच अर्धी खाली आली. "जोगळेकरांकडं जायचंय. लीलाई."

"उजवीकडं," हऱ्या म्हणाला. "चढ चढा. कठडा फुटलेली विहीर लागेल, मग चिमाकाकूचा फणस. हे घ्या, ह्यात काढलंय सगळं."

आतल्या माणसानं कागद घेतला, उलटसुलट केला. मग मोबाइलकडं पाहिलं. मग टपरीकडं मान करून विचारलं, "काय हो, बरोबर सांगताहेत ना हे?"

"बरोबर सांगतोय," बाबल्या म्हणाला. अगदी गंभीरपणे म्हणाला. गेली पंचवीस वर्षं हऱ्याच्या थापांना तो असाच गंभीरपणे साथ देत आला होता, आणि त्याचा तो चेहरा बघून गाडीतली मागची बाई म्हणाली, "अहो, चला तुम्ही. हे दोघं मिळून फिरवतायत आपल्याला."

काच वर गेली. कागद फटीतून बाहेर पडला. गाडी डावीकडं वळली.

हऱ्या हात वर करून उभा होता. बाबल्यानं तो कागद उचलला, मांडीवर घासून सरळ केला आणि त्याच्याकडं न बघता परत त्याच्या हातात दिला.