पहिली शिट्टी

बनाबाईने पदराने शिट्टी पुसली, लाल निशाण काखेत मारलं आणि माणसांकडे पाठ करून, कड्याकडे बघत लांबलचक शिट्टी फुंकली. कपारीच्या तोंडाशी बसलेलं मोठं घुबड उठलं आणि सावकाश खाणीवरून पलीकडच्या ओढ्यात उतरलं. मग ती वळली आणि दुसरी शिट्टी माणसांसाठी वाजवली.

"सुरुंग हाय! सरा रं, लांब सरा!"

औंधच्या वाटेवरच्या त्या दगडखाणीत सुरुंगाआधी माणसं हटवायचं काम तिचं. पहिली शिट्टी मात्र तिने स्वतःच्या मनाने सुरू केली होती. कपारीत घुबडाची दोन पांढरी पिल्लं होती. ती आत दडलेली असत. आई तोंडाशी, म्हणजे उडालेला दगड आधी तिलाच लागणार. आई जगली तर पिल्लं जगतील, एवढं बनाबाईला कळत होतं.

ही शिट्टी सुरू करण्याआधी तिने मुकादमाचे पाय धरायचेच काय ते बाकी ठेवले होते.

"आवं मुकादम, पिल्लं उडूस्तवर पल्याडच्या अंगाला सुरुंग लावा की."

"बनाक्का, मालक माजं ऐकतोय व्हय? पावसाच्या आदी खडी पायजे म्हनतोय," ज्ञानू मुकादम म्हणाला होता. माणूस वाईट नव्हता. पण त्याच्या हातात काही नव्हतं, आणि तिच्या हातात तर एक शिट्टी.

सुरुंगाची भोकं पाडणारा सिद्धू घुबडाच्या नावाने बोटं मोडायचा.

"गेल्या साली किल्लारीला भूकंप झाला, तवा आसलंच कायतरी घुमलं आसंल तितं."

"गप रं. आमच्या सासऱ्यानं छप्पन साली दीक्षा घेतली तवाच देव, शकुन, समदं वड्याला सोडलं. घुबाड म्हंजे पाखरू. तुज्यापरास गुनाचं."

हे ती ठसक्यात बोलायची आणि बायका हसायच्या. पण मध्यंतरी एक पिल्लू दिसेनासं झालं. दगडच लागला असणार, असं धरून ती दिवसभर हळहळली. दुसऱ्या दिवसापासून पहिली शिट्टी आणखी आधी वाजवू लागली, घुबडाला लांब जायला सवड मिळावी म्हणून.

आज माणसं बाजूला झाली आणि सुरुंगाची वायर तुटलेली निघाली. सगळे खोळंबले. बनाबाईला काही उद्योग उरला नाही, म्हणून ती कड्याकडे बघत बसली.

बाभळीवरून दोन कावळे उठले. त्यांना कसलीच घाई नव्हती. ओळखीच्या घरात शिरावं तसे ते कपारीकडे निघाले.

बनाबाई ओरडत धावली. तिने भिरकावलेला दगड अर्ध्या कड्यापर्यंतही पोचला नाही. सिद्धूचा दगड मात्र कपारीखाली बसला आणि कावळे कलकलाट करत बाभळीवर परतले. आत पांढरं काहीतरी हललं. एक पिल्लू अजून होतं.

"ह्ये रोजचंच हाय की," सिद्धू हात झटकत म्हणाला. "तुजी पयली शिट्टी झाली की येत्यातच. मला वाटलं, तुला ठावं हाय."

बनाबाई खाली बसली. शिट्टी गळ्यातल्या दोरीला लोंबत होती. ती तिने मुठीत घट्ट धरली.

दुसऱ्या दिवशी तिने पहिली शिट्टी वाजवली नाही. शिट्टीला हातही लावला नाही. नुसती निशाण घेऊन रोजच्या जागी जाऊन उभी राहिली.

कपारीच्या तोंडाशी घुबडाने मान वळवली. पिवळ्या डोळ्यांनी तिच्याकडे, तिच्या हातातल्या निशाणाकडे पाहिलं. आणि शिकवल्यासारखं आपलं आपण उठून ओढ्याकडे निघून गेलं.

"आगं बस! बस तितंच!" बनाबाई पुटपुटली.

बाभळीची फांदी हलली.

खाली सिद्धू बारूद ठासून वर बघत होता. माणसं अजून खड्ड्यातच होती.

"बनाक्का, वाजीव की!"

तिने शिट्टी तोंडात धरली आणि कड्याकडे पाठ केली.